खर्चाचा हिशेब कोणी वाचावयाचा?



हिशेब हा विषय वसंत व्याख्यानमालेला फारसा शोभत नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. संध्याकाळी खाडीवरचा वारा अंगावर घेत जेसल पार्कात बसलेल्या माणसांपुढे साहित्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे. अंदाजपत्रक, निविदा, लेखापरीक्षण हे शब्द दिवसभर कचेरीत ऐकून आलेल्यांना पुन्हा कशाला ऐकवावयाचे? परंतु ज्या मंडळींनी ही वसंतातल्या व्याख्यानांची प्रथा पाडली, त्यांना हा विषय परका नव्हता. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. रानडे ज्या सार्वजनिक सभेच्या कार्यात रमले होते, ती सभा त्यापूर्वी पाच वर्षे, १८७० च्या एप्रिल महिन्यात, स्थापन झाली होती. आणि तिच्या स्थापनेला निमित्त झाले ते पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराचे. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या पंचांविषयी गावात असंतोष होता. पण तक्रार घेऊन जाणाऱ्याला पहिला प्रश्न हाच येतो की, “तुम्ही विचारणारे कोण?” या प्रश्नाला त्या मंडळींनी शोधलेले उत्तर मोठे मार्मिक होते. सभेचा सभासद व्हावयाचे तर किमान पन्नास प्रौढ माणसांनी सही केलेले मुखत्यारपत्र त्याच्याजवळ हवे, असा त्यांनी नियम केला. आरंभी असे ९५ सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सुमारे सहा हजार लोकांच्या सह्या होत्या. मौज अशी की, आपल्या मीरा-भाईंदर महापालिकेतील नगरसेवकांची संख्याही ९५ आहे. हा अर्थात योगायोग. मात्र विचारणाऱ्याजवळ विचारण्याचा अधिकार हवा, हा मुद्दा दीडशे वर्षांत जुना झालेला नाही, आणि आजच्या विषयाचे बीज त्यातच आहे.

हल्ली “पारदर्शक कारभार” हा शब्दप्रयोग प्रत्येक सरकारी पत्रकात आढळतो, आणि त्याच्या जोडीला संगणक असतोच. कारभार यंत्रावर चढविला की तो उघडा झाला, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ही समजूत कितपत खरी आहे ते आज पाहू. हिशेब लिहून ठेवणे, हिशेब मांडून दाखविणे आणि हिशेब कोणी तरी वाचणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र पहिल्या गोष्टीला फार उपयोगी पडते, दुसरीला मालकाची इच्छा असेल तर उपयोगी पडते. तिसरी गोष्ट यंत्राच्या हातची नाही.

हिशेब वाचल्याने काय होते याचे एक उदाहरण देतो. ते आपल्या भाईंदरच्या मिठाशी निगडित आहे. १९०२ सालच्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले. सरकारने त्या वर्षी सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक दाखविली होती, आणि ही शिल्लक म्हणजे देशाच्या भरभराटीची खूण असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. गोखल्यांनी आकडे पुन्हा मांडले. १८९३ साली टांकसाळी खासगी चांदीला बंद करून सरकारने रुपयाची किंमत कृत्रिम रीतीने चढविली होती. विलायतेला पाठवावयाच्या रकमेसाठी आता पूर्वीपेक्षा कमी रुपये लागत होते. पण रुपया पडला असताना जे कर वाढविले ते मात्र तसेच चालू होते. म्हणजे शिल्लक आली ती रयतेच्या खिशातून गरजेपेक्षा जास्त काढल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले. मिठावरचा कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला होता. तो उतरवा, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तो दोन रुपयांवर आला. १९०५ साली दीड रुपया झाला आणि १९०७ साली एक रुपया. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर होणार नाही. तरी एवढे खरे की, ज्या मंडळात मतदानाने सरकारचा एक पैसाही अडविण्याची सोय नव्हती, तेथे केवळ नीट वाचलेल्या हिशेबाने सरकारला उत्तर द्यावयास लावले. गोखल्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारखा आकड्यांत मुरलेला शिक्षक उभा होता, हेही विसरून चालणार नाही. आकडे एकट्याने वाचवत नाहीत.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९८५ साली पाच ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती आठ लाखांवर गेलेली होती. एवढ्या माणसांचा मालमत्ता कर, पाणीपट्टी, शासनाची अनुदाने हे सारे ज्या एका तिजोरीत जाते, त्या तिजोरीतून पैसा बाहेर कसा पडतो हे किती जणांना ठाऊक आहे? ही वाट लांबलचक आहे, पण अवघड नाही. एखाद्या गल्लीतल्या काँक्रीटच्या रस्त्याचे उदाहरण घेऊन ती पायरीपायरीने पाहू.

रस्ता प्रथम अंदाजपत्रकात जन्मतो. आयुक्त वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज तयार करतात, तो स्थायी समितीपुढे येतो आणि मग महासभेपुढे. तेथे रस्त्याचे नाव क्वचितच असते. एका लेखाशीर्षाखाली एक मोठी रक्कम असते. नंतर अभियंता त्या गल्लीसाठी प्राकलन करतो. खोदाई इतकी, खडी इतकी, काँक्रीट इतके, आणि प्रत्येकाचा दर शासनाच्या दरसूचीतून घेतलेला. त्याला प्रशासकीय मान्यता व तांत्रिक मंजुरी मिळाली की निविदा निघते. ठेकेदार प्राकलनापेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त अशा बोलीने दर भरतो. ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम मिळते, करारनामा होतो आणि कार्यादेश निघतो. येथवर जे कागद होतात ते बरेच लोक पाहतात, त्यांवर चर्चा होते, वर्तमानपत्रात बातमीही येते. माझ्या मते खरा महत्त्वाचा कागद यापुढचा आहे, आणि तो कोणी पाहत नाही.

त्या कागदाचे नाव मोजमाप पुस्तक. ठेकेदारांच्या आणि अभियंत्यांच्या बोलीत “एम. बी.” म्हटले की समजते. या पुस्तकाची पाने क्रमांक घातलेली असतात. काम होत असताना कनिष्ठ अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजावयाची आणि त्यात नोंदवावयाची. वरच्या अभियंत्याने त्यांतील काही मापे स्वतः पुन्हा मोजून पाहावयाची. खाडाखोड झाली तर तेथे सही करावयाची. ठेकेदाराचे देयक या पुस्तकातल्या मापांवर निघते. म्हणजे आपल्या तिजोरीतला पैसा अखेर ज्या ओळीच्या आधाराने बाहेर पडतो, ती ओळ एका माणसाने फीत हातात धरून लिहिलेली असते.

समजा, आपल्या गल्लीतला रस्ता २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर जाड व्हावयाचा आहे. हिशेब केला तर २४० घनमीटर काँक्रीट लागेल. आता तोच रस्ता १८ सेंटिमीटर जाड झाला तर २१६ घनमीटर पुरते. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा कमी. रस्ता झाल्यावर वरून पाहून ब्रह्मदेवालाही हा फरक कळावयाचा नाही. पण २४ घनमीटर काँक्रीट, म्हणजे दहा टक्के माल, त्यात गेलाच नाही. सहा घनमीटर माल आणणारी फिरत्या डेऱ्याची गाडी धरली, तर चार गाड्या गल्लीत आल्याच नाहीत. लांबी कोणीही पावले टाकून मोजू शकतो. चोरी होते ती जाडीत, आणि जाडी नोंदविलेली असते ती त्या पुस्तकात. म्हणून ओतकाम चालू असतानाच, म्हणजे जाडी उघडी दिसत असताना, तेथे कोण उभे होते याला महत्त्व आहे. त्याच वेळी काँक्रीटचे ठोकळे भरून ठेवतात आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून त्यांची ताकद पाहतात. त्या चाचणीचा दाखलाही देयकाबरोबर असावयास हवा. शिवाय काम संपल्यावर ठराविक काळ रस्ता बिघडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावयाचा असतो. याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. या मुदतीच्या आतच रस्ता पुन्हा महापालिकेच्या खर्चाने झाला, तर एकाच खड्ड्याला आपण दोनदा पैसे मोजले असे होते. ही मुदत कोणत्या तारखेला संपते, हे गल्लीतल्या एका तरी माणसाला ठाऊक असावे.

देयक निघाल्यावर काय? येथे कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टी दिसते. आपली महापालिका ज्या कायद्याने चालते तो मूळचा १९४९ सालचा आहे. त्या कायद्यात मुख्य लेखापरीक्षक नावाचा एक अधिकारी आहे. त्याने दर आठवड्याला महापालिकेच्या हिशेबांची तपासणी करावी आणि आपला अहवाल स्थायी समितीला द्यावा, अशी योजना आहे. दर आठवड्याला, हे ध्यानात घ्या. दोन वर्षांनी जुने दप्तर चाळण्याची ही गोष्ट नव्हे. आणि अहवाल जातो तो खर्च करणाऱ्या आयुक्तांकडे नव्हे, तर सोळा निवडलेल्या सभासदांच्या समितीकडे. खर्च करणारा एक, तपासणारा दुसरा आणि तपासणाऱ्याचे ऐकणारा तिसरा, अशी ही रचना आहे. याखेरीज शासनाचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग स्वतंत्रपणे हिशेब पाहतो. त्याने काढलेल्या आक्षेपांना परिच्छेद म्हणतात, आणि हे परिच्छेद वर्षानुवर्षे निकालात निघत नाहीत ही सर्वच नगरपालिकांची जुनी रड आहे.

आता एक प्रश्न. ज्या समितीकडे अहवाल जावयाचा, ती समितीच नसेल तर?

हा काल्पनिक प्रश्न नाही. मीरा-भाईंदर महापालिकेच्या सभेची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे असे राज्यघटनेचे २४३-प हे कलम सांगते. पण प्रभागरचना आणि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण यांवरचे वाद सर्वोच्च न्यायालयात राहिले, निवडणुका लांबल्या, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. मधला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ आपल्या शहरात महासभा नव्हती, स्थायी समिती नव्हती. दोहोंचे अधिकार प्रशासकाकडे होते आणि प्रशासक म्हणून आयुक्तच काम पाहत होते. हे एकट्या आपल्या गावाचे नव्हते. मुंबईसह राज्यातील बहुतेक महापालिका त्या काळात याच स्थितीत होत्या. या काळात अमुक एक गैर झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही. एक प्रामाणिक आणि तडफदार प्रशासक निवडलेल्या सभेपेक्षा अधिक कामे उरकू शकतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु रचनेचे काय झाले पाहा. खर्चाचा प्रस्ताव मांडणारी, तो मंजूर करणारी आणि लेखापरीक्षकाचा अहवाल स्वीकारणारी खुर्ची एकच झाली. पूर्वीच्या काळी गावचा कुलकर्णी वही लिही, पण ती पाहणारा पाटील, देशमुख, देशपांडे असे कोणी ना कोणी असे. स्वतःच लिहावयाचे आणि स्वतःलाच वाचून दाखवावयाचे, हा हिशेब कोणत्याही काळच्या व्यापाऱ्याने मुनिमाला चालू दिला नसता.

येथे कोणी म्हणेल, आता सारे संगणकावर आहे. लपवावयाचे म्हटले तरी लपणार नाही. म्हणून यंत्राकडे वळू.

यंत्राचे उपकार मोठे आहेत आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्या शेजारच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभीच आपला कारभार संगणकावर नेला, नागरी सुविधा केंद्र उघडले, आणि तो नमुना पुढे राज्यातल्या इतर शहरांनी उचलला. जन्माचा दाखला, कराची पावती, दस्तनोंदणी, सातबाराचा उतारा यांसाठी खेपा घालणे किती कमी झाले आहे, हे आपण सारे अनुभवतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा सेवांना मुदतही घातली. पण बारकाईने पाहिले तर असे दिसेल की, यंत्राचे तोंड पहिल्यांदा नागरिकाकडे वळविले गेले. कोणाचा कर थकला हे एका क्षणात कळते. कोणाचे मोजमाप पुस्तक अपुरे आहे हे मात्र तितक्या चटकन कळत नाही. अंदाजपत्रक संकेतस्थळावर असते खरे, पण पुष्कळ ठिकाणी ते कागदाची छायाचित्रे काढून ठेवलेले असते; त्यातल्या दोन रकमांची बेरीज करावयाची तर पुन्हा पेन्सिल आणि कागद घेऊन बसावे लागते. यंत्राची सारी शक्ती बेरजेत, आणि नेमकी तीच काढून घेतलेली!

ई-निविदेचे पाहा. ठेकेदारांनी कचेरीच्या दारात एकमेकांना अडवू नये, लिफाफे फुटू नयेत, म्हणून निविदा यंत्रावर भरावयाची पद्धत आली, आणि ती चांगलीच आहे. तरी २०१४ साली मुंबई महापालिकेत काय उघडकीस आले? निविदा भरण्याची खिडकी दिवसभर बंद राही आणि मध्यरात्रीनंतर थोडा वेळ उघडे. ज्याला आधी कळविले असेल तोच त्या वेळी जागा असे. यंत्र अगदी चोख चालत होते. कोणत्या मिनिटाला खिडकी उघडली आणि कोणत्या मिनिटाला मिटली, याची नोंदही त्यानेच ठेवली होती. ती नोंद कोणी तरी मागितली आणि वाचली तेव्हा प्रकार बाहेर आला.

दुसरे उदाहरण त्याच महापालिकेचे आणि अलीकडचे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या नऊ विभागांतील नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांची खास तपासणी केली, आणि तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेपुढे आला. दोन विभागांनी २१४.४८ कोटींची २० कामे निविदा न मागविता दिली, ४,७५५.९४ कोटींच्या ६४ कामांत ठेकेदाराशी करारनामाच झालेला नव्हता, ३,३५५.५७ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ तपासनीस नेमलेला नव्हता, असे त्यात नमूद आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातले आणखी एक कलम विशेष बोलके आहे. महापालिकेचा सारा कारभार, निविदांसुद्धा, ज्या संगणक-प्रणालीवर चालतो, त्या प्रणालीचेच १५९.९५ कोटींचे काम जुन्या पुरवठादाराला निविदेविना दिले गेले होते! दिव्याखाली अंधार तो असा. आणि सुमारे ३,५३८ कोटींचा करोनाकाळातील खर्च तर तपासावयासच मिळाला नाही. साथरोग कायद्याचा आधार देऊन महापालिकेने ती कागदपत्रे दिली नाहीत. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेजवळ उत्तमातले उत्तम यंत्र होते. उणीव यंत्राची नव्हती.

मग उपाय कोणता? निवडून दिलेले सभासद आहेत, लेखापरीक्षक आहेत, न्यायालये आहेत. पण पर्वतीच्या वेळी जो प्रश्न होता, “तुम्ही विचारणारे कोण?”, त्याचे उत्तर आता कायद्यानेच दिले आहे. त्या उत्तरासाठी मुखत्यारपत्रावर पन्नास सह्या घ्याव्या लागत नाहीत.

ही कल्पना जगात अगदी नवी नाही. स्वीडनने १७६६ सालीच सरकारी कागद पाहण्याचा हक्क प्रजेला दिला. आपल्याकडे ती चळवळ उभी राहिली ती राजस्थानातल्या मजुरांमुळे. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी पहिली जनसुनावणी झाली. सरकारी कामांची हजेरीपुस्तके चव्हाट्यावर मोठ्याने वाचून दाखविण्यात आली, आणि ज्यांनी कधी कुदळ उचलली नाही त्यांच्या नावावर मजुरी खर्ची पडल्याचे गावकऱ्यांनीच जागच्या जागी सांगितले. तेथे कोणताही संगणक नव्हता. “हमारा पैसा, हमारा हिसाब” ही घोषणा तिथली. पुढे १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांनी ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले आणि राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा अंमलात आला. नंतर १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला.

या कायद्याविषयी सर्वसामान्य कल्पना एवढीच असते की, अर्ज करावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची. त्याची व्याप्ती याहून पुष्कळ मोठी आहे. चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने सतरा बाबींची माहिती कोणी न मागता स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाची आहे. त्यात अंदाजपत्रकातील तरतूद आणि झालेला खर्च येतो, कर्मचाऱ्यांचे वेतन येते, सवलती घेणाऱ्यांचा तपशील येतो. आणि माहितीच्या हक्काच्या व्याख्येत कागदांच्या प्रतींबरोबर कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि वापरलेल्या मालाचे प्रमाणित नमुने घेणे हेही आहे. मघाचा काँक्रीटचा रस्ता आठवा. त्याचे मोजमाप पुस्तक पाहावयास मागता येते, चाचणीचा दाखला मागता येतो, इतकेच काय, मालाचा नमुनाही मागता येतो. शिवाय नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढून जिल्हा पातळीवरील कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना सांगितले की, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याआधी रुळू लागली होती. हे परिपत्रक किती कचेऱ्यांच्या भिंतीवर लावलेले दिसते, हा निराळा प्रश्न आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर हे भाषण सरकारी पत्रकासारखे व्हावयाचे. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही तर पहिले अपील त्याच कचेरीतल्या वरिष्ठाकडे आणि दुसरे राज्य माहिती आयोगाकडे. उत्तर न देणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण २०२३ च्या मध्यास आपल्या राज्याच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे तुंबलेली होती. अपिलाची पाळी येईपर्यंत रस्त्याचा दोषदायित्व कालावधीच उलटून जातो. दुसरी गोष्ट ताजी आहे. वैयक्तिक माहिती देण्यास नकार देण्याचे जे कलम होते, त्यात पूर्वी एक कसोटी होती. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगी जीवनावर उगाच आक्रमण होत असेल, तरच नकार देता येई. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ही कसोटी काढून टाकली आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल अंमलात आला. आता माहिती वैयक्तिक आहे एवढेच कारण पुरते. लोकांची खासगी माहिती राखावयास हवी, याबद्दल दुमत नाही. परंतु हजेरीपुस्तकातले नाव, ठेकेदाराचे नाव, मोजमापावर सही करणाऱ्याचे नाव याला उद्या कोणी वैयक्तिक म्हटले, तर कोटकिरानाला जे वाचून दाखविले गेले ते आज वाचता येईल काय? जनहित मोठे असेल तर माहिती द्यावी, असे सांगणारे आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम मात्र अद्याप शाबूत आहे. अर्जात त्याचा उल्लेख करण्याची सवय आता लावून घेतली पाहिजे.

तेव्हा ज्यांना आपल्या गल्लीतल्या एखाद्या कामाचा हिशेब वाचावयाचा असेल, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. शुल्क दहा रुपये, तेवढ्याचे कोर्ट फी तिकीट लावले तरी चालते. “कामाविषयी सर्व माहिती द्यावी” असे कधीही लिहू नये. त्याला “माहिती विस्तृत स्वरूपाची आहे” असे उत्तर ठरलेले असते. कामाचे नाव लिहून प्राकलन, करारनामा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची त्या कामाची पाने, शेवटचे देयक आणि चाचणीचे दाखले अशा कागदांची नावे घालावीत. त्यांच्या प्रती मागण्यापूर्वी ते पाहावयास मागावेत. पाहणीच्या पहिल्या तासाला शुल्क नाही. जाताना एकट्याने जाऊ नये. इमारतीत एखादे निवृत्त अभियंता असतात, एखादे हिशेबनीस असतात. त्यांना बरोबर घ्यावे, कारण मोजमापाचे पान त्यांना दोन मिनिटांत लागते आणि आपल्याला दोन तासांत लागत नाही. आणि “सदर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे” असे उत्तर आले तर रागावू नये. कोणत्या पानावर, कोणत्या तारखेपासून, एवढेच दुसऱ्या अर्जात विचारावे, आणि येत्या सोमवारी तीन वाजता भाईंदर पश्चिमेच्या मुख्य कार्यालयात तीच मूळ धारिका पाहावयास मागावी.